शीत कोण निवडतं? सवलतीच्या सेट लंचवरून नवं रेस्टॉरंट जोखण्याचं एक प्रकरण

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण ते शीत परीक्षा करणारा स्वतः पातेल्यातून उचलतो. सवलतीच्या सेट लंचमध्ये शीत रेस्टॉरंट निवडतं आणि आपल्यापुढे ठेवतं. तरीही त्यावरून बरंच कळू शकतं. फक्त आपण नेमकी कशाची परीक्षा घेतोय, हे घरातून निघण्याआधी ठरलेलं हवं.

पुढचं प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. त्यातली माणसं आणि रेस्टॉरंट नमुन्याची आहेत, पण घटना किचनमध्ये आणि बिलावर रोज घडणाऱ्या आहेत. किमती कुठल्याही चलनात दिलेल्या नाहीत. सेट लंचची छापील किंमत १०० धरली आहे आणि बाकीचे आकडे त्या मापाने दिले आहेत.

प्रश्न काय होता

दोघं मित्रमैत्रीण. मैत्रीण शाकाहारी, मित्र सगळं खाणारा. मैत्रिणीच्या आईवडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती आणि बारा जणांचं रात्रीचं जेवण बाहेर ठेवायचं होतं. बारांपैकी पाच शाकाहारी, एकाला अक्रोड-बदामाची अॅलर्जी. पाहिलेल्या जागांपैकी एक नवं रेस्टॉरंट आवडलं होतं. ते सुरू होऊन सहा आठवडे झाले होते. आत ४८ खुर्च्या. रात्रीचं जेवण आधी चाखून बघायचं तर खर्च बराच होता. मंगळवार ते शुक्रवार दुपारी बारा ते अडीच मात्र तीन पदार्थांचा सेट मेन्यू होता आणि जाहिरातीत लिहिलं होतं, ‘३३ टक्के बचत’.

"चला, जेवून बघू" एवढ्यावर न थांबता त्यांनी प्रश्न लिहून काढला: बारा जणांचं रात्रीचं जेवण इथे नीट पार पडेल का? त्याचे चार तुकडे केले. मीठ आणि शिजवण रोज सारखी असते का. शाकाहाराबद्दल किचनला नेमकं माहीत आहे का. एका टेबलाच्या सगळ्या प्लेटा एकदम आणि गरम येतात का. आणि काही चुकलं तर हे लोक काय करतात. सजावट, संगीत, फोटो हे यादीत नव्हतं. ते नुसतं आत पाऊल टाकलं तरी दिसतं, त्यासाठी जेवायला बसावं लागत नाही.

सहा आठवड्यांनी जाणं हेही विचारपूर्वक होतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मेन्यू बदलत असतो, माणसं येतात-जातात, कोणाचा हात कुठे बसायचा हेच ठरत असतं. त्या काळातल्या चुकांवरून निकाल देणं अन्यायाचं आहे. त्या काळातल्या कौतुकावर भिस्त ठेवणंही तितकंच धोक्याचं, कारण तेव्हा मालक आणि मुख्य शेफ स्वतः प्रत्येक प्लेटेवर नजर ठेवून असतात.

सवलत परवडते कशी

हे समजल्याशिवाय ताट वाचता येत नाही. दुपारी रिकाम्या राहणाऱ्या खुर्चीचंही भाडं चालूच असतं. रात्रीच्या तयारीसाठी माणसं सकाळपासून किचनमध्ये असतातच. पदार्थाच्या विक्रीच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा साधारण ३० टक्क्यांच्या आसपास राखण्याचा रेस्टॉरंटचा प्रयत्न असतो. म्हणजे १०० च्या जेवणात माल ३० ते ३५ चा असला, तरी उरलेली रक्कम एरवी न आलेल्या गिऱ्हाईकाकडून आलेली असते. मेन्यूत सात पदार्थ असले की खरेदीचा अंदाज बरोबर येतो, फेकाफेक कमी होते, रात्रीच्या पदार्थांतून उरलेले तुकडे आणि देठ सूपमध्ये खपतात. यात काही गैर नाही. देठांचं चांगलं सूप करता येणं हे किचनच्या हुशारीचंच लक्षण आहे.

मंदीच्या वेळेला ठरावीक किमतीत जेवण देऊन माणसं आत आणायची ही युक्ती गाजली ती १९९२ साली, न्यूयॉर्कमध्ये. डेमोक्रॅटिक पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन तिथे भरलं होतं आणि शहरातल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटांनी तीन पदार्थांचं दुपारचं जेवण १९.९२ डॉलरला ठेवलं. साल हीच किंमत. त्यातूनच तिथला ‘रेस्टॉरंट वीक’ सुरू झाला. हेतू तेव्हाही हाच होता: एकदा आत आलेलं माणूस पुन्हा पूर्ण किमतीत यावं.

म्हणून सेट लंचमध्ये साधारण असे पदार्थ निवडले जातात जे सकाळीच करून ठेवता येतात, वेळेत निघतात आणि ज्यांत स्वस्त भाग वापरता येतो. मंद आचेवर शिजवलेलं मांस, सूप, थंड जमवलेलं गोड. एखादाच पदार्थ ऐन वेळी तव्यावर करायचा असतो आणि बहुतेकदा त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह, म्हणजे जादा रक्कम, असते.

एक फोन

टेबल बुक करताना मैत्रिणीने फोनवर जे विचारलं ते जवळपास शब्दशः असं:

"नमस्कार, गुरुवारी पाऊणला दोघांसाठी टेबल हवंय. तुमचा दुपारचा सेट मेन्यू त्या दिवशी नक्की आहे ना? दोघांनीही तोच घ्यायला हवा का? आणि ज्याच्यापुढे जादा रक्कम आहे असा पदार्थ कोणता? किमतीत कर आणि सर्व्हिस चार्ज धरलाय का? मी शाकाहारी आहे, तर सूपचा आणि भाताचा स्टॉक कशाचा असतो, भातातल्या चीजमध्ये रेनेट आहे का, आणि गोडातल्या पुडिंगमध्ये जिलेटिन आहे का, तेवढं किचनमध्ये विचारून सांगाल?"

शेवटचे तीन प्रश्न महत्त्वाचे. मेन्यूत ‘भाज्यांचं सूप’ लिहिलेलं असतं, पण त्याचा आधार चिकनचा स्टॉक, म्हणजे चिकनची हाडं उकळून काढलेलं पाणी, असू शकतो. मशरूमच्या भाताचंही तेच. थंड जमवलेल्या पुडिंगला आकार देतं ते जिलेटिन, आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं. कडक, मुरवलेल्या चीजमध्ये अनेकदा दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असतं. ‘शाकाहारी आहे का?’ असं मोघम विचारलं की मोघम ‘हो’ येतं. घटकाचं नाव घेऊन विचारलं की समोरच्याला किचनमध्ये जावंच लागतं.

फोन घेणाऱ्याला माहीत नव्हतं. "विचारून कळवतो" म्हणाला आणि वीस मिनिटांत त्याने खरंच फोन केला: सूप आणि भात दोन्हीला भाज्यांचाच स्टॉक, चीज रेनेटशिवायचं, पुडिंगमध्ये मात्र जिलेटिन आहे, त्याऐवजी केक घ्यावा लागेल. न येणाऱ्या उत्तरावर थाप न मारता विचारून कळवणं, ही या प्रकरणातली पहिली चांगली नोंद. कर आणि सर्व्हिस चार्ज वेगळे, मिळून १५ टक्के. मासा घेतला तर १५ जादा.

गुरुवार का? शुक्रवारी दुपारी किचनचं अर्धं लक्ष शनिवार-रविवारच्या तयारीत असतं आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी माल नुकताच येत असतो. पाऊण का? बारा वाजता गेलं तर पहिलाच घाणा आपल्या वाट्याला येतो आणि दोननंतर गेलं तर गरम पाण्यात ठेवलेलं सूप दोन तास आटून खारट झालेलं असू शकतं. बरोबर मध्ये गेलं की रोजचं किचन दिसतं.

काय मागवलं

मेन्यू असा होता: आधी सूप किंवा सॅलड, मग मशरूम घालून केलेला दाटसर भात, मंद आचेवर शिजवलेली चिकनची तंगडी, किंवा लोणी-लिंबाच्या सॉसवर ठेवलेला मासा, शेवटी पुडिंग किंवा चॉकलेट केक. दोघांनी एकही पदार्थ सारखा घ्यायचा नाही, असं ठरलं. मैत्रिणीने सूप, भात, केक. मित्राने सॅलड, मासा, पुडिंग.

विचार असा होता की भात आणि मासा दोन्ही ऐन वेळी पूर्ण करावे लागतात, म्हणजे हात कसा आहे ते कळेल. विचार बरोबर, पण त्यात एक चूक राहिली. बारा जणांच्या पंगतीत मांसाहारींना बहुधा चिकनच द्यावं लागणार होतं आणि नेमकं तेच चाखलं गेलं नाही. तपासणी कठीण पदार्थांची झाली, उपयोगाच्या पदार्थाची राहिली. दोघंच असतील तर हा पेच येतोच, आणि अशा वेळी मासा सोडून चिकन घेणं अधिक शहाणपणाचं ठरलं असतं, असं आमचं मत आहे.

टेबलावर

मित्राने फोनमध्ये फक्त वेळा टिपल्या. १२:४५ ला बसले. १२:४९ ला पाणी. १२:५४ ला ऑर्डर. खोलीत त्यांच्यासह चौदा माणसं होती.

ऑर्डर घेताना वेटरला शाकाहाराबद्दल काहीच माहीत नव्हतं. फोनवर सांगितलेली गोष्ट बुकिंगच्या वहीत राहिली होती, टेबलापर्यंत पोहोचली नव्हती. मैत्रिणीने पुन्हा सांगितलं, त्याने पुन्हा लिहून घेतलं. एका माणसाच्या बाबतीत ही किरकोळ गोष्ट. अॅलर्जी असलेला पाहुणा बारांत असेल तर मुळीच किरकोळ नाही.

१:०४ ला सूप आणि सॅलड आलं. सूप वाफाळतं, वाडगा आधी गरम केलेला, मीठ नेमकं. मोठ्या पातेल्यात सकाळी केलेल्या पदार्थाचं मीठ दुपारी एक वाजता नेमकं असतं, म्हणजे सर्व्हिस सुरू होण्याआधी कोणीतरी चमचा तोंडात घालून बघतो. हे शिस्तीचं लक्षण, आणि शिस्त रात्रीही तीच असते. सॅलड बरं, पण तळाशी पाणी साचलं होतं. पानं धुतली, नीट निथळली नाहीत. ओल्या पानाला तेल चिकटत नाही, म्हणून ड्रेसिंग खाली घसरलं आणि वरची पानं अळणी लागली. दोष लहान आहे, पाच मिनिटांत सुधारता येण्यासारखा.

१:१६ ला प्लेटा उचलल्या. मग पंधरा मिनिटं काहीच नाही. १:३१ ला दोन्ही मुख्य पदार्थ एकदम आले. इथे थोडं थांबून बघू, कारण सगळं प्रकरण या दोन प्लेटांत आहे.

मासा उत्तम होता. कातडीची बाजू वर, सॉस खाली, त्यामुळे कातडी कुरकुरीत राहिली होती. काट्याने दाबल्यावर पापुद्रे अलगद सुटले, आतला भाग ओलसर. सॉस फाटलेला नव्हता. लोण्याचा असा सॉस जास्त तापला की तेल वेगळं होतं, गार झाला की घट्ट होऊन बसतो. तो नेमक्या वेळी प्लेटेत घातला गेला होता. तव्यामागचा माणूस कसलेला आहे, याबद्दल शंका उरली नाही.

भात मात्र बसला होता. प्लेट तिरकी केली तर असा भात हळूहळू सरकायला हवा. हा गोळा होऊन जागच्या जागी राहिला. वर पातळशी साय धरली होती, कडेची शितं फुटलेली, आणि तोंडात घेतल्यावर कोमट. चव चांगली, मशरूम खरपूस परतलेले. म्हणजे बनवताना चुकलं नव्हतं, नंतर चुकलं होतं.

असं का होतं? हा भात रेस्टॉरंटमध्ये कोणी पहिल्यापासून ऑर्डरवर करत नाही. सकाळी तो पाऊण शिजवतात आणि लगेच ट्रेमध्ये पातळ पसरून झपाट्याने गार करतात. झपाट्याने अशासाठी की शिजवल्यानंतरही भातात काही जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात आणि ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात भात रेंगाळला तर ते वाढतात. ऑर्डर आली की त्यात गरम स्टॉक घालून चार-पाच मिनिटांत तो पूर्ण करतात. माशाला तयारीपासून प्लेटेपर्यंत आठ-दहा मिनिटं लागतात. दोन्ही एकाच वेळी चढवले तर भात आधी तयार होतो आणि माशाची वाट बघत काउंटरवर थांबतो. थांबला की स्टार्च गार होत घट्ट होतो, शितं उरलेला स्टॉक पिऊन फुगतात, वर साय धरते. नेमकं हेच दिसत होतं.

१:३३ ला मैत्रिणीने वेटरला हळूच बोलावलं. तक्रार कशी करावी याचा हा चांगला नमुना आहे. "भात छान नाही" असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "चव चांगली आहे, पण भात घट्ट झालाय आणि कोमट आहे. बहुतेक थोडा वेळ थांबून राहिला होता. बघता का?" एक घास खाल्ला होता, अर्धी प्लेट संपवली नव्हती. दोष काय, हे नेमकं सांगितलं होतं.

वेटरने प्लेट उचलली, वाद घातला नाही. किचनमधून परत येऊन म्हणाला, "ताई, दोन्ही प्लेटा एकदम काढायच्या म्हणून भात थांबला. पाच मिनिटं द्या, नवा येतोय." १:३९ ला नवा भात आला. प्लेट हलवली की लाटेसारखा पसरणारा, शिताच्या गाभ्याला किंचित दात लागणारा, वाफ येणारा. तोच माणूस, तेच सामान, फक्त थांबणं वगळलेलं.

निदान पक्कं झालं: शिजवणारे हात चांगले आहेत, प्लेटा जुळवणारा कच्चा आहे. मोठ्या किचनमध्ये एक माणूस काउंटरवर उभा राहून कोणता पदार्थ कधी चढवायचा हे पुकारत असतो. मासा आधी, भात चार मिनिटांनी, एवढंच त्याला सांगायचं असतं. दुपारी तो माणूस बहुधा नव्हताच, किंवा नवखा होता. आणि हे चौदा माणसांच्या खोलीत, दोन प्लेटांच्या ऑर्डरवर घडलं. बारा प्लेटांच्या ऑर्डरवर, ४८ खुर्च्या भरलेल्या असताना, हाच दोष अनेक पटींनी मोठा होणार.

गोडाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुडिंग हलकं थरथरणारं, जिलेटिन बेताचं. केक ठीक. फ्रिजमधून काढून द्यायच्या पदार्थांवरून रात्रीच्या किचनचा अंदाज येत नाही. २:१५ ला बिल मागितलं, २:२४ ला ते आलं. म्हणजे बसल्यापासून ९९ मिनिटं. तासाभराच्या सुट्टीत हे जेवण बसत नाही. घाई असेल तर ऑर्डर देतानाच "आम्हाला दोनला निघायचंय" असं सांगावं, गोडाच्या वेळी सांगून काही उपयोग नसतो.

बिल

दोन सेट २००. माशाचे जादा १५. न मागता टेबलावर आलेल्या ब्रेडचे १०. बाटलीचं पाणी १२. एक सरबत २५. एक कॉफी १२. बेरीज २७४. त्यावर १५ टक्के म्हणजे ४१ आणि थोडं वर. एकूण सुमारे ३१५, माणशी १५८.

जाहिरातीतला १०० चा आकडा १५८ कसा झाला, हे बघण्यासारखं आहे. फसवणूक कुठेच नाही. वेटरने "पाणी चालेल ना?" विचारलं आणि मान हलताच बाटली उघडली. ब्रेड ठेवला, तो खाल्ला गेला. ब्रेड परत पाठवून, साधं पाणी मागून आणि कॉफी टाळून हेच जेवण २७६ मध्ये, म्हणजे माणशी १३८ मध्ये झालं असतं. टेबलावर न मागता आलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल "हे सेटमध्ये धरलंय का?" एवढं विचारायला संकोच वाटू नये. रोज अनेक जण विचारतात.

आता ‘३३ टक्के’. रात्रीच्या मेन्यूवर सुरुवातीचा पदार्थ ३५, मासा ८५, चिकन ७५, भात ६५, गोड ३०. मासा धरून बेरीज १५०, आणि १५० च्या जागी १०० म्हणजे ३३ टक्के बचत. पण माशाला १५ जादा आहेत, म्हणजे प्रत्यक्षात ११५. बचत २३ टक्के. भाताच्या सेटची रात्रीची बेरीज १३०, म्हणजे तिथेही २३ टक्के. चिकन घेतलं तर १४० च्या जागी १००, साधारण २९ टक्के. जाहिरातीतला ३३ चा आकडा कुठल्याच ताटात नव्हता.

आणखी एक हिशेब मित्राने केला तो वजनाचा. रात्रीच्या मेन्यूवर माशाचं वजन १६० ग्रॅम छापलेलं होतं. दुपारचं विचारल्यावर ११० सांगितलं. सेटच्या १०० पैकी माशाचा वाटा रात्रीच्या प्रमाणात काढला तर सुमारे ५७ येतो, त्यात जादा १५ मिळवले की ७२ च्या आसपास. म्हणजे दुपारी १०० ग्रॅम माशाला ६५ पडले आणि रात्री ५३. सवलतीच्या जेवणातला जादा रकमेचा पदार्थ वजनाच्या हिशेबाने रात्रीपेक्षा महाग. मासा साफ करणं, भाजणं, सॉस करणं याला दोन्ही वेळा सारखेच कष्ट पडतात, त्यामुळे एकट्या वजनावरून निकाल देऊ नये. दुपारी ११० ग्रॅम पोटालाही पुरतात. पण ‘चांगला सौदा’ म्हणून मासा घ्यायचा असेल तर तो सौदा नव्हे, हे कळलेलं बरं.

दुपारी जे दिसत नाही

भरलेल्या खोलीचा आवाज दुपारी ऐकू येत नाही, पण अंदाज बांधता येतो. फरशी कडक, भिंती उघड्या, पडदे नाहीत, आणि दोन टेबलं पलीकडचं हसू स्पष्ट ऐकू येत होतं. ४८ माणसांत बारा जणांच्या लांब टेबलाच्या दोन टोकांना एकमेकांचं ऐकू येणार नाही. सत्तरीच्या आजोबांना तर नाहीच. निघताना मैत्रिणीने कोपऱ्यातली जागा पाहून घेतली, जिथे दोन चौकोनी टेबलं जोडता येत होती आणि एका बाजूला लाकडी कपाट होतं. रात्रीचा मेन्यू मागून त्याचा फोटो घेतला. रात्री काउंटरवर कोण असतं, असंही विचारलं. उत्तर मिळालं की गुरुवार ते रविवार रात्री मुख्य शेफ स्वतः उभे असतात. हे ऐकून बरं वाटलं तरी ते ऐकलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं, म्हणून वहीत वेगळ्या बाजूला लिहिलं.

निर्णय

लगेच बुकिंग केलं नाही, जागा बादही केली नाही. आधी शनिवारी रात्री साडेआठला, खोली भरलेली असताना, दोघांनी जाऊन फक्त दोन पदार्थ मागवले: दुपारी राहिलेलं चिकन आणि पुन्हा तोच भात. चिकन हाडावरून सुटणारं, रसाळ. मंद आचेवर शिजलेलं मांस थोडं थांबलं तरी बिघडत नाही, त्यामुळे पंगतीला ते सोयीचं. भात या वेळी वाहता आणि गरम आला. दोन्ही प्लेटा एकत्र.

मग रेस्टॉरंटला लेखी कळवलं. बारा जण, संध्याकाळी सात वाजता, खोली भरायच्या आधी. कोपऱ्यातली जोडटेबलं. मुख्य पदार्थ दोनच, चिकन सात आणि मशरूम भात पाच, आकडे तीन दिवस आधी पक्के करू. पाच जणांसाठी जिलेटिन आणि रेनेट नको. एका पाहुण्याला अक्रोड-बदामाची अॅलर्जी आहे, ती किचनच्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहिली जावी आणि वेटरनेही टेबलावर तोंडी खात्री करावी. ब्रेड आणि पाण्याचा दर आधी कळवावा.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. वेळ, जागा, दर सगळं मान्य. पुडिंगऐवजी सगळ्यांनाच केक देऊ, म्हणजे प्लेटांची अदलाबदल होण्याची भीती नाही. केकमध्ये अक्रोड-बदाम नसतात, तरी त्या दिवशी वेगळ्या सुरीने कापू. आणि भाताबद्दल त्यांनी आपणहून लिहिलं होतं: पाच प्लेट भात एकदम काढला तर शेवटची प्लेट भरेपर्यंत पहिली घट्ट होते, म्हणून आधी चिकनच्या सात प्लेटा टेबलावर ठेवू आणि लगेच भात दोन खेपांत, तीन आणि दोन, आणू. दोन मिनिटांचा फरक पडेल, चालेल का?

मैत्रिणीने "चालेल" असं कळवलं आणि आगाऊ रक्कम भरली.